पाटावरचं हिरवं पेन

१

दर रविवारी सकाळी मी पेनं धुते. नाश्त्याची भांडी सिंकमध्ये तशीच पडलेली असतात आणि मी बेसिनपाशी उभी राहून एकेका निबवर कोमट पाणी सोडत असते. माझा नवरा सत्यजित दारावरून जाताजाता म्हणतो, "त्या भांड्यांनी काय पाप केलंय गं?" मी म्हणते, "मग पुण्य तू मिळव, स्पंज तिथेच आहे." जर्मनीत एर्लांगेनला घर केल्यापासून आमचा हा संवाद ठरलेला आहे.

पेनं सगळी एकाच माणसाची. फोर्खहाइमच्या पुढे एका खेड्यात हेर वाइडनर नावाचा म्हातारा आहे. जुन्या गोठ्यात लेथ टाकून एकटाच एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, शाईपेनं करतो. वेबसाइट नाही, मेलला उत्तर नाही. आपण बसने त्याच्याकडे जायचं. तो कोरा कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, लिहा. काय लिहिलंय ते बघतसुद्धा नाही. बघतो हात. पेन कुठे धरता, किती कलतं, जोर कुठे पडतो, ते पाहून त्या हातापुरती निब घासून देतो. दुसऱ्या कुणी ते पेन हातात घेतलं की खरखरतं. बायका दसरा-दिवाळीला सोनं घेतात, मी दर वर्षी वाइडनरचं एक पेन घेते. सत्यजितने पहिल्यांदा कपाळाला हात लावला होता, आता तोही विचारतो, यंदा कुठला रंग?

मी इथल्या एका कंपनीत अल्ट्रासाउंडच्या यंत्रांवर काम करते. खरा सिग्नल कुठला आणि नुसता गोंगाट कुठला, हे वेगळं काढायचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढचं वाचून मला भोळसट ठरवू नका. ठरवायचंच असेल तर शेवटी ठरवा.

२

आमची स्पृहा तेव्हा चौथीत होती. डोकं तल्लख, तोंडाची टकळी चालू, आणि सगळं जर्मनमध्ये. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. पण तिच्या हाताला अक्षर सापडायचं नाही. अर्धी अक्षरं उलटी पडायची, ओळ सोडून खाली घसरायची. तपासण्या झाल्या, थेरपी झाली. डॉक्टर म्हणाले, तिच्या हाताला वेळ द्या.

वेळ होता कुठे? बायर्नमध्ये, म्हणजे इथल्या आमच्या राज्यात, चौथीच्या मार्कांवर पोर पुढे कुठल्या शाळेत जाणार ते ठरतं. जेमतेम दहा वर्षांचा जीव, आणि त्याच्या कपाळावर शिक्का! तिच्या वर्गशिक्षिका फ्राउ ह्यूबनर मायाळू बाई, पण त्यांनीही स्पष्टच सांगितलं, "उत्तर तिला येतं हो, पण मला ते वाचता येत नाही."

एकदा गृहपाठ करताकरता स्पृहाने वही ढकलून दिली आणि डाव्या हाताने आपल्याच उजव्या हातावर फटाफट चापट्या मारायला लागली. "ब्लोडं हांड, ब्लोडं हांड," म्हणत होती. मूर्ख हात. मी तो हात माझ्या हातात धरून ठेवला. तिच्या आधी मलाच रडू फुटलं.

त्या शनिवारी तिला घेऊन वाइडनरकडे गेले. तो म्हणाला, "मुलांसाठी मी करत नाही. मुलांचा हात अजून ठरलेला नसतो." मी हट्टाने तिथेच बसून राहिले. शेवटी कुरकुरत त्याने स्पृहापुढे कागद सरकवला आणि बराच वेळ तिचा हात बघत राहिला. नवरात्रात पेन तयार झालं. आखूड, गडद हिरवं, तिच्या मुठीत मावेल असं. देताना तो म्हणाला, "निब मी अर्धीच घासलीय. उरलेली तिच्या हाताने घासली जाईल. दुसऱ्या कुणी लिहायचं नाही."

"आल्झो, मग आई, तू पण नाही," स्पृहा मला बजावून म्हणाली.

३

दसरा गुरुवारी होता आणि शुक्रवारी इथली राष्ट्रीय सुट्टी. सुट्टीला जोडून आम्ही बोडेनझे तळ्यावर जायचं ठरवलं होतं, शुक्रवारी पहाटेच निघायचं होतं. त्यामुळे पाटीपूजन घाईचंच झालं. ऑफिसच्या आधी, लॅपटॉपवर पुण्याहून सासूबाई, आणि पाट म्हणजे स्वयंपाकघरातली मोठी लाकडी फळी, तिच्यावर लाल ब्लाउजपीस. स्पृहाच्या खोलीतच मांडलं, तिच्या टेबलाशेजारी. पाटीवर तिने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. एकही एक सरळ नव्हता. सरस्वती वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसत होती. माझी सगळी पेनं शाई भरून ओळीने मांडली, मधोमध तिचं हिरवं.

"अक्षता घ्या हातात," सासूबाई म्हणाल्या. "म्हणा, आवाहन करते."

स्पृहाने जर्मनमध्ये विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं, या म्हणायचं.

"आणि ती खरंच येते?"

मी तिचा प्रश्न मराठीत करून आजीला पोचवला. सासूबाई हसल्या. "बोलावलं की येते, बाळा."

"मग बसते कुठे?"

"तू जागा देशील तिथे."

स्पृहाने खोलीभर नजर फिरवली. तिच्या टेबलाची निळी खुर्ची होती, गॅसवर खालीवर होणारी, दांडी ओढून चालवायची. तिच्यावर तिने मूठभर अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "आउफ माइनेम श्टूल." माझ्या खुर्चीत.

आम्ही सगळेच हसलो. सासूबाई म्हणाल्या, "झालं तर मग. उद्या सकाळी उत्तरपूजा करा आणि मगच पेनं उचला बरं का."

"हो आई," मी म्हटलं, आणि बस आता मिळणार नाही म्हणून सायकल काढली.

४

रविवारी संध्याकाळी परत आलो. झेंडू सुकला होता. मी भराभर आवरायला घेतलं, फुलं एका पिशवीत, तांदूळ वाटीत, आणि पेनं तशीच बेसिनवर. रविवार चुकवायचा नाही म्हणजे नाही, हा माझा हट्ट.

बाकी सगळी पेनं भरलेली होती. हिरवं रिकामं होतं.

मी ते उलटंसुलटं केलं. गुरुवारी मी स्वतः काठोकाठ भरलं होतं. ब्लाउजपीसवर डाग नाही, टोपणात थेंब नाही. निब मात्र ओली होती, आत्ताच कुणी लिहिता लिहिता ठेवल्यासारखी.

"उडाली असेल शाई," सत्यजित म्हणाला.

"टोपण लावलेलं असताना? हीटिंग बंद असताना?"

"मग एबोनाइटने प्यायली. तुझीच पेनं, तुलाच माहीत."

हे काही उत्तर झालं नाही, पण सकाळी शाळा होती, डबा होता, धुणं होतं. पेन भरून तिच्या दप्तरात टाकलं. उत्तरपूजा राहिली हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

५

आठवड्याभरात फ्राउ ह्यूबनरचा फोन आला. मी धसकाच घेतला. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिच्याबरोबर नेमकं काय करताय, मला सांगाल का?"

घरी येऊन मी तिची वही उघडली आणि खाली बसले. अक्षर इतकं सुंदर असू शकतं हे मला माहीत नव्हतं. नुसतं सुबक नाही. प्रत्येक अक्षर जिथे सुरू व्हायला हवं तिथून सुरू होत होतं, आणि संपताना घाई नव्हती. मी जर्मन व्याकरणाचे ते रटाळ धडे वाचतच गेले. देवळात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं मी सत्यजितला हळूच बोलावलं. तोही बघतच राहिला.

"वाइडनरचे हात सोन्याने मढवले पाहिजेत," तो म्हणाला.

त्या महिन्यात आमच्या घरी खरोखर दिवाळी आली. चाचण्यांमध्ये एकामागून एक चांगले मार्क. स्पृहा संध्याकाळी स्वतःहून खोलीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि आतून निबचा आवाज यायचा. संथ, न थांबता. मला शाईपेनाचा तो आवाज लहानपणापासून प्रिय आहे. मी पोळ्या करताना गॅस बारीक करून ऐकायचे.

मग एके दिवशी लक्षात आलं की बाकी काहीच ऐकू येत नाही. स्पृहा लिहिताना कायम गुणगुणायची, खुर्ची गरागरा फिरवायची, पाय आपटायची. आता नुसती निब.

६

खुर्चीचं सत्यजितने आधी पाहिलं. "ही एवढी खाली का?" निळी खुर्ची तळापर्यंत बसलेली होती. त्याने दांडी ओढली. खुर्ची वर येईना. "गॅस गेला हिचा. टाकून देऊ."

त्याने सुट्टा गॅसचा दांडा मागवून बसवला. खुर्ची झकास वर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तळाला.

"सदोष माल," तो चिडून म्हणाला, आणि दुकानाला मेल लिहायला बसला.

मी पद्धतशीर विचार करणारी बाई आहे. मनाशी म्हटलं, स्पृहाचं वजन किती? एवढ्याशा पोरीने खुर्ची तळाला जात नाही. तळाला जायला मोठं माणूस बसावं लागतं. मग मीच म्हटलं, बसला असेल सत्यजित. त्याला विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर मग काय करायचं, हा प्रश्न होता.

आणि ती बसायची कशी! खुर्ची एवढी ऐसपैस, पण ही अगदी कडेला, पुढे. मागे हातभर जागा मोकळी. मी म्हटलं, "अगं मागे टेकून बस की, पाठ दुखेल."

तिने मान वळवून आधी मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "टेकतेच आहे," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

७

नोव्हेंबरात तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस आला. निघायच्या गडबडीत मी कार्ड पुढे केलं, हातात सापडलं ते बॉलपेन दिलं आणि म्हटलं, "नाव घाल पटकन."

स्पृहाने बॉलपेन धरलं. कार्डावर टेकवलं. काहीच झालं नाही. तिने खालचा ओठ चावला. एक रेघ ओढली गेली, ती कुठेही गेली नाही, थरथरून थांबली. पूर्वी तिचं अक्षर वेडंवाकडं होतं, पण अक्षर होतं. आता तेही नव्हतं.

"राहू दे, मी लिहिते," मी म्हटलं. मग कोटाची बटणं लावायला वाकले, तर तिचा उजवा हात माझ्या खांद्यावरून घसरून नुसता लोंबला. जेवताना ती हल्ली डाव्या हाताने चमचा धरते हेही मला तेव्हाच उमगलं. इतके दिवस मी वह्या बघत होते, हात बघितलाच नव्हता.

डॉक्टरांची वेळ घेतली, ती मिळाली पुढच्या आठवड्याची. तोवर चैन पडेना म्हणून हिरवं पेन घेऊन वाइडनरकडे गेले. निबमध्ये काही खोट असेल, हातावर जोर येत असेल, असं काहीतरी डोक्यात होतं. बुडत्याला काडीचा आधार.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं.

"किती वर्षं झाली?" त्याने विचारलं.

"कसली वर्षं? नवरात्रात तर दिलंत तुम्ही."

"ही निब मी ओळखतो, माझीच आहे." त्याचा आवाज नेहमीचा कुरकुरा नव्हता. "एवढी झीज व्हायला माणसाला आयुष्यभर लिहावं लागतं. आणि ही मुलीच्या हाताची झीज नाही. वरून धरलंय. मागे बसून, तिच्या हातावरून हात घालून." त्याने स्वतःचा उजवा हात हवेत पुढे नेऊन दाखवला, मांडीवरच्या पोराला गिरवायला शिकवतात तसा. "कोण लिहितं यानं?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

त्याने पेन माझ्या हातात दिलं नाही. फडक्यावर ठेवलं आणि फडकं माझ्याकडे सरकवलं. जर्मन म्हातारा, धर्माकर्माशी संबंध नसलेला. मी दारातून बाहेर पडेपर्यंत तो उभाच होता.

८

पेन घरी आणून मी कपाटात वर ठेवलं. कुणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले. नोव्हेंबरात इथे चार वाजताच दिवस बुडायला लागतो. घरात शिरले तर सत्यजित खाली केलरमध्ये, तळघरात, हीटिंगवाल्याबरोबर गेला होता, दिवे लावलेले नव्हते, आणि स्पृहाच्या खोलीतून निबचा आवाज येत होता. कपाटाचं दार बंद होतं. मी उघडून पाहिलं. फडकं होतं, पेन नव्हतं.

मी बूटही काढले नाहीत. तिचं दार अर्धं लोटलेलं होतं. खिडकीतून उरलासुरला करडा उजेड येत होता.

खुर्ची तळाला होती. स्पृहा कडेला बसली होती आणि गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं, श्वास संथ. तिचं डोकं मागे रेललं होतं. खुर्चीची पाठ तिथून हातभर लांब होती. डोकं मधेच टेकलं होतं, जिथे काहीच नव्हतं, आणि पडत नव्हतं. मागचे केस उशीवर दबावेत तसे चपटे झाले होते.

हात लिहीत होता.

मी त्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या मागची कातडी दबून पांढरी पडली होती, ओळीने चार ठिकाणी. ओळ संपली की हात उचलला जायचा, अलगद, झोपलेल्या पोराला धक्का लागू नये म्हणून आपण जपून उचलतो तसा, आणि नव्या ओळीवर टेकायचा.

मला भीती वाटली, हे झालंच. पण खरं सांगते, त्याहून मोठं काहीतरी वाटलं. त्या अंधुक खोलीत इतकी माया होती, इतका धीर होता, की हात जोडावेत असं वाटलं, आणि ते जोडले गेलेसुद्धा. आणि त्याच वेळी हेही दिसलं. माझ्या पोरीला मांडीवर घेऊन कुणीतरी बसलं होतं, आणि त्या मांडीवरून उठायचं तिला काही कारणच नव्हतं.

"स्पृहा," मी म्हटलं.

निब थांबली. स्पृहाने डोळे उघडले. "श्श," ती जर्मनमध्ये म्हणाली. "अजून आमचा धडा संपला नाही."

९

तिला मी उचलूनच स्वयंपाकघरात आणलं. सासूबाईंना फोन लावला. पुण्यात त्या झोपायच्या तयारीत होत्या.

"अहो आई, दसऱ्याची उत्तरपूजा..." मी सुरुवात केली.

"काय झालं?"

"केलीच नाही. आम्ही फिरायला गेलो."

मग त्या म्हणाल्या, "अगं, पाहुण्याला या म्हटलं, बसा म्हटलं, आणि कुलूप लावून निघून गेलात?" त्यांनी मला काय दिसलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. "आत्ता कर. दही आहे ना घरात?"

सत्यजित वर आला. मी सांगितलं तेवढं त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुमेधा, तुझी झोप झालेली नाही. आणि समजा काही असलंच, तरी आत्ताच कशाला? मार्क बघ तिचे. वर्ष तर निघू दे."

खोटं कशाला बोलू, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी स्पृहाच्या स्वेटरचं एक बटण काढलं आणि म्हटलं, "बेटा, लाव बघू." तिने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि खाली पडला. सत्यजितने ते पाहिलं. तो पाट आणायला गेला.

स्पृहाच्या खोलीत निळ्या खुर्चीसमोर पाट मांडला. पाटी, दह्याची वाटी, मधोमध हिरवं पेन. फोन स्पीकरवर. खुर्चीकडे बघायची हिंमत आम्हा दोघांनाही नव्हती. सासूबाई सांगत गेल्या, मी म्हणत गेले, अक्षता वाहिल्या. "आता पेन जागचं जरा हलव," त्या म्हणाल्या. "आणि म्हण, पुनरागमनाय च."

मी पेनाला बोट लावलं. हललं नाही. अंगठा लावला. अख्ख्या पंजाने ढकललं. मूठभर शेंगदाण्यांएवढं ज्याचं वजन नाही ते पेन लाकडात रुजल्यासारखं. सत्यजितनेही जोर लावून पाहिला. पाट सरकला, पेन पाटावरून सरकलं नाही.

"झालं का?" सासूबाई.

"हलत नाही हो आई."

"मग तुम्ही नका हलवू. जागा कुणी दिली होती?"

आम्ही दोघांनी स्पृहाकडे पाहिलं. ती रडायला लागली. "नाइन," ती म्हणाली. नाही. त्या गेल्या की मी पुन्हा घाण लिहीन, मला पुन्हा काहीच येणार नाही, सगळे हसतील. जर्मनमध्ये, हुंदक्यांतून, भराभर.

"लिही," मी म्हटलं. "वाकडं लिही, उलटं लिही. मला तुझा हात हवाय गं. सुंदर अक्षर नको मला, तुझं हवंय."

मग मी खुर्चीकडे वळले. इतक्या वेळात पहिल्यांदाच नीट बघितलं. रिकामी होती. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "तुम्ही खूप केलंत तिच्यासाठी. इतकं आम्हालाही जमलं नाही. पण आता तिचं तिला लिहू द्या."

स्पृहाने डाव्या हाताने उजवा हात उचलून पेनावर ठेवला. बोटं नुसती पडून राहिली. माझा हात सवयीने पुढे गेला, तिच्या हातावर हात ठेवायला. मी तो मागे घेतला आणि पाठीमागे धरून ठेवला. किती वेळ गेला कोण जाणे. तिचं अंगठ्याजवळचं बोट हललं. मग दुसरं. पेन केसभर सरकलं, मग बोटभर.

आता ते दोन शब्द राहिले होते. पुन्हा येण्यासाठी. गणपतीत दर वर्षी म्हणतो, कधी जीभ अडली नव्हती. त्या दिवशी अडली. म्हणावं, तर हे सगळं पुन्हा. न म्हणावं, तर विद्येला 'येऊ नको' सांगणारी आई मी.

"म्हण गं," फोनमधून सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं.

फुस्स असा आवाज झाला. आम्ही कुणीही दांडीला हात लावलेला नव्हता. निळी खुर्ची सावकाश वर येत होती, बसलेलं माणूस जपून उठावं तशी, आणि पार वरपर्यंत येऊन थांबली. तिच्या गादीतला खळगा हळूहळू भरून आला. सत्यजितने माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

१०

डॉक्टरांकडे जाईपर्यंत हात पुष्कळ सुधारला होता. त्यांनी काही निदान केलं नाही. अक्षर पुन्हा वेडंवाकडं झालं. मार्क घसरले, ग्यम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, हुकलं, आता ती रेआलशूलला, त्याखालच्या शाळेत, जाते. पहिल्यांदा तिने बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा त्यातलं एक अक्षर उलटं होतं. तो कागद मी ऑफिसच्या टेबलावर लावलाय. लोक विचारतात, मी सांगते, लेकीची सही आहे.

वाइडनरने हिरव्या पेनाला नवी निब बसवून दिली, पुन्हा अर्धीच घासलेली. जुनी त्याने ठेवून घेतली नाही. ती माझ्याकडे डबीत आहे. रविवारी पेनं धुताना मी ती डबी उघडत नाही.

आज दसरा आहे. सासूबाईंनी परवा फोनवर अडखळत विचारलं, यंदा पाटीपूजन करणार का गं? मी म्हटलं, करणार म्हणजे काय, करणारच. उद्या सुट्टी टाकली आहे, कुठेही जायचं नाही, उत्तरपूजेचा गजर मी आणि सत्यजितने दोघांनीही लावलाय. आवाहनाच्या वेळी जागा द्यायची ती पाटावर, हे स्पृहाला मी चांगलं बजावून सांगितलं. ती म्हणाली, "गेनाऊ, आई." अगदी बरोबर.

मी पाट पुसत होते. स्पृहा सकाळीच न्हाऊन आली, पाटी घेऊन निळ्या खुर्चीत बसली आणि एकाचे आकडे काढायला लागली. वाकडे, एकमेकांवर रेललेले, तिचे. बघून मला भरून आलं. मग माझं लक्ष खुर्चीकडे गेलं.

ती अगदी कडेला बसली होती, पुढे सरकून. मागे हातभर जागा सोडून.

'नीट मागे टेकून बस,' म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वाकून खुर्चीची उंची तेवढी पाहिली. उंचच होती, अजून कुणी बसलेलं नव्हतं. सासूबाईंचा फोन यायचा होता, आवाहनाला अजून वेळ होता.